गूगलचा क्षेत्रफळ-कन्व्हर्टर: फ्लॅटला पुरतो, सातबाऱ्याला अडतो

गूगलच्या सर्चमध्ये 'हेक्टर टू एकर' टाकलं की दोन खिडक्यांचा कन्व्हर्टर वर येतो. फुकट आहे, अ‍ॅप उतरवावं लागत नाही, जाहिरातींचा पसारा नाही. आकडेमोडही चोख: 1 चौरस मीटरचे 10.7639 चौरस फूट, 1 एकरचे 4046.86 चौरस मीटर. खाली सूत्राची ओळ असते, ती मात्र गोळाबेरीज असते. हेक्टरसाठी 2.471 ने गुणा म्हणते. मोठ्या क्षेत्राला ते सूत्र न वापरता खिडकीतलाच आकडा घ्यावा.

फ्लॅटच्या कामाला एवढं भरपूर झालं. रेराकडे (घरबांधणी प्रकल्पांची सरकारी नियामक संस्था) कार्पेट एरिया, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये असतो आणि एजंट बोलतो चौरस फुटात. 60 चौ. मी. टाका, 645.83 चौ. फूट येतात. कोणी तोंडी 10.8 ने गुणून 648 सांगितले, तर 12,000 रुपये फुटाच्या दराने सव्वीस हजारांचा फरक पडतो. फक्त वरचा प्रकार 'क्षेत्रफळ' आहे ना ते बघा. चुकून 'लांबी' राहिली तर 60 चे 196.85 होतात आणि खोलीएवढा फ्लॅट हातात येतो.

खरी गोची शेतजमिनीत. यादीत चौरस किलोमीटर, मीटर, मैल, यार्ड, फूट, इंच, हेक्टर आणि एकर एवढीच एककं आहेत. गुंठा नाही, आर नाही. महाराष्ट्रात जमिनीचा व्यवहार ज्या दोन शब्दांवर चालतो, नेमके तेच गायब.

सातबाऱ्यावर क्षेत्र 0.60.70 असं दिसतं: हेक्टर, आर, चौरस मीटर. आर म्हणजे 100 चौरस मीटर, आणि 100 आरचा एक हेक्टर. दोन टिंबांचा आकडा कन्व्हर्टरला कळत नाही, म्हणून दुसरं टिंब काढून 0.6070 हेक्टर टाकायचं. उत्तर 1.4999 एकर, म्हणजे दीड एकर. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर आर एकेरी असेल तर सावध राहा. 0.6.50 म्हणजे 0.0650 हेक्टर, मधलं शून्य खाऊन 0.650 टाकलंत की जमीन दहापट होते. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) वेगळा दाखवलेला असेल तर लागवडीयोग्य क्षेत्रात मिळवून एकूण क्षेत्र घ्या.

उलट्या दिशेची चूक जास्त महागात पडते, कारण ती दिसत नाही. एक एकर वीस गुंठे कागदावर सर्रास '1.20' असे लिहितात. ते तसंच एकरच्या खिडकीत टाकलं तर 0.4856 हेक्टर येतं. बरोबर उत्तर 0.6070 आहे. एकरात गुंठे 40, त्यामुळे वीस गुंठे म्हणजे 0.50 एकर. टिंबापुढचे गुंठे आधी 40 ने भागा, मग टाका. नाहीतर या एका उदाहरणात बारा गुंठे हवेत जातात, आणि आकडा दिसायला अगदी शहाणा असतो.

नुसते गुंठे असतील तर 1089 ने गुणून चौरस फुटाच्या खिडकीत टाकावे. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, हे ज्याच्या डोक्यात पक्कं आहे त्याला दुसरं काही लागत नाही. 'आर म्हणजे गुंठाच की' हे मात्र ऐकू नका. आर 1076.39 चौ. फूट, गुंठा 1089. वीस गुंठ्यांत 252 चौ. फुटांचा फरक पडतो, एक ऐसपैस खोली त्यात बसते.

दर बदलायची सोय इथे नाही, पण एक युक्ती चालते. फ्लॅटचा रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर चौरस मीटरला असतो. समजा तो 64,600 रुपये आहे. हा आकडा मुद्दाम चौरस *फुटाच्या* खिडकीत टाका आणि चौरस मीटरच्या खिडकीत वाचा: 6,001.5. तोच चौरस फुटाचा दर. चौरस मीटरवरून चौरस फुटावर येताना क्षेत्राचा आकडा वाढतो, पण दराचा घटतो, म्हणून खिडक्यांची अदलाबदल.

बांधकामातलं 'ब्रास' हे माप यात शोधू नका. फरशी-प्लास्टरवाल्याचा ब्रास 100 चौरस फुटांचा, वाळूवाल्याचा 100 घनफुटांचा. कोणता ते बिलावरच विचारून घ्यावं.