बेळगाव-म्हापसा एका दिवसात जाऊन यायचं तर चोर्ला, तिलारी की आंबोली घाट?

शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला जायचं आणि रात्री जेवायला घरी, असं बेळगावातल्या कितीतरी घरांत चालतं. आमची तर आत्याच म्हापशाला दिलेली, त्यामुळं लहानपणापासून ह्या वाटा अंगवळणी पडलेल्या, आणि स्वतःची गाडी आल्यापासून वर्षाला पाच-सहा खेपा तरी होतातच. परवा मावसभावाचा फोन, की दादा चोर्ल्यानं जाऊ का आंबोलीनं, पोरं आहेत, आई पण यायची म्हणतीय, आणि ऑफिसात सगळे तिलारी तिलारी म्हणायलेत ते काय आहे. त्याला सांगता सांगता अर्धा तास गेला, म्हटलं नीट लिहूनच ठेवतो, अजून कुणालातरी उपयोग होईल.

पहिली गोष्ट, किलोमीटर बघून ठरवू नका. चोर्ल्यानं ११० च्या आसपास, तिलारीनं त्याहून थोडं कमीच, आंबोलीवरनं सावंतवाडी-बांदा करत गेलात तर १३०-१३५. म्हणजे जवळच्या आणि लांबच्या वाटेत फरक पंचवीस-तीस किलोमीटरचा, आणि त्यानं दिवस काही बिघडत नाही. दिवस बिघडतो तो परतीला. सकाळी उतरताना सगळे ताजे असतात, उजेड असतो, घाट कुठलाही असला तरी निभावतो, पण बाजार करून, जेवून, डिकी भरून, दमलेल्या डोळ्यांनी अंधारात घाट चढायची वेळ आली की मग कळतं कुठली वाट निवडायला पाहिजे होती. म्हणून मी आधी परतीचा घाट किती वाजता लागणार ते बघतो, मागच्या सीटवर कोण आहे ते बघतो, आणि मग जायची वाट ठरवतो.

चोर्ला आमच्या सगळ्यांच्या सवयीचा. पिरनवाडीवरनं किणये, रणकुंडये, कुसमळीला मलप्रभा ओलांडली की जांबोटी, पुढं कणकुंबी, चोर्ला, आणि मग घाट उतरून केरी, साखळी, डिचोली, अस्नोडा, म्हापसा. थांबत थांबत तीन तास धरा. घाट तसा सोपा, वळणं आहेत पण अंगावर येणारा उतार नाही, नवीन ड्रायव्हरनं सावकाश घेतली गाडी तर काही भीती नाही. जांबोटीच्या पुढं दोन्ही बाजूला जंगल लागतं, सकाळी काच खाली करून जावं असं वाटतं, आणि कणकुंबीला पाच मिनिटं माउलीच्या देवळात थांबलात तर मलप्रभेचा उगम तिथंच आहे. आपण ज्या नदीला सौंदत्तीकडं एवढ्या मोठ्या धरणात बघतो ती इथं एवढीशी सुरू होते, पोरांना आवर्जून दाखवा. कळसा-भांडुरा, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायची योजना, पेपरात वाचतो ते तिच्या कालव्याचं खोदकामही ह्याच भागात, म्हादईच्या पाण्याचा कर्नाटक-गोवा वाद म्हणजे नेमकं काय ते रस्त्यावरनंच समजावून सांगता येतं.

पण चोर्ल्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे रस्ता. जांबोटी ते चोर्ला पट्ट्यात पाऊस एवढा पडतो की डांबर टिकत नाही, एका वर्षी रस्ता लोण्यासारखा आणि पुढच्या दिवाळीला खड्ड्यातनं गाडी काढताना कंबर धरते. म्हणून चार महिन्यांपूर्वी गेलेल्याचं ऐकू नका, त्याच आठवड्यात गेलेल्याला विचारा. दुसरं म्हणजे भाजीच्या गाड्या. गोव्याला भाजी आपल्या बेळगावातनं जाते, पहाटे भरलेले पिकअप ह्याच घाटानं पळतात, त्यांना बाजाराची वेळ गाठायची असते आणि वाट पाठ असते, त्यामुळं त्यांचा वेग आपल्याला झेपणारा नसतो. साडेपाच-सहाला बेळगाव सोडा, तोवर त्यातल्या बऱ्याच गाड्या खाली पोचलेल्या असतात. डिचोलीच्या बाजूला खाणी चालू असल्या तर तिथले ट्रक वेगळेच.

एक ऑगस्टची संध्याकाळ सांगतो. आत्याकडं उशीर झाला, केरी सोडेपर्यंत साडेसहा वाजले, आणि घाट चढून वर आलो तर धुकं असं उतरलेलं की बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसेना. हाय बीम टाकला तर पांढरी भिंतच उभी राहिली समोर, लो बीमवर जरा बरं. आई मागं जपमाळ घेऊन बसलेली, बायको खिडकीतनं डोकं बाहेर काढून डावीकडची कड सांगत होती, "आहे, आहे, थोडं उजवीकडं घ्या." नशिबानं कोबीची रिकामी क्रेट घेऊन परत निघालेला एक पिकअप पुढं मिळाला, त्याच्या मागच्या लाल दिव्याकडं बघत कणकुंबीपर्यंत आलो, वीस मिनिटांच्या वाटेला तासाच्या वर गेला. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे गाडी बंद पडली असती तर कुणाला सांगायची पण सोय नव्हती. त्या दिवसापासून नियमच केलाय, पावसाळ्यात चोर्ल्यानं परत यायचं असेल तर अडीचच्या पुढं म्हापशात थांबायचं नाही.

आता तिलारी. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, तिथनं मोटणवाडीवरनं तिलारीनगर, कोदाळी, आणि मग घाट उतरून वीजघर, भेडशी, दोडामार्ग, अस्नोडा. वाट तिन्हींत देखणी. वरती तिलारीचं पाणी, जंगल, स्वप्नवेल पॉइंटवरनं खालचं खोरं दिसतं तेव्हा मोठी माणसं पण गप्प होतात. वेळ असेल तर पारगड पण ह्याच बाजूला, पण बाजार आणि गड दोन्ही एका दिवसात नको. घाट मात्र ह्या बाजूच्या घाटांत सगळ्यात तिखट. लांबी कमी पण उतार इतका उभा आणि वळणं इतकी आखूड की एका वळणात गाडी वळते न वळते तोच दुसरं समोर. मोठ्या गाडीचं तिथं कामच नाही.

ह्या घाटाला जुनी माणसं सांगतात तीच रीत पाळायची, गाडी ज्या गिअरमध्ये हा चढ चढेल त्याच गिअरमध्ये उतरवायची. म्हणजे पहिला, फार तर दुसरा. माझा एक मित्र तिसऱ्यावर ब्रेक दाबत दाबत उतरला, खाली वीजघरला पोचलो तर पुढच्या चाकांतनं जळका वास, रिमला हात लावायची सोय नाही, आणि ब्रेकचं पेडल मऊ होऊन खाली जायला लागलेलं. अर्धा तास झाडाखाली थांबलो, पाणी ओतायला निघाला होता त्याला थांबवलं, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी व्हायची भीती असते, आपोआपच थंड होऊ द्यायची. थंड झाल्यावर पेडल परत जाग्यावर आलं, पण तो अर्धा तास आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो, कारण हेच दोन वळणं आधी झालं असतं तर... असो.

तिलारीनं परत चढायचं म्हणाल तर ब्रेकचा प्रश्न येत नाही पण गाडीत पाच माणसं आणि डिकीत नारळ असतील तर लहान इंजिनाची दमछाक होते, एसी बंद करून पहिल्या गिअरमध्ये ओढावी लागते, वळणावर समोरनं कुणी आलं आणि थांबलात तर परत उठवताना गाडी मागं सरकते. शिवाय दोडामार्ग-तिलारी खोऱ्यात रानहत्ती आहेत, शेतकरी त्यांच्यामुळं फार सोसतात, माडाच्या बागा झोपवलेल्या रस्त्यावरनं दिसतात. दिवस मावळल्यावर त्या बाजूला आपण उगीच फिरू नये. माझं मत स्पष्ट आहे, तिलारी कोरड्या दिवसांत, दिवसा, घाटात हात बसलेल्या माणसासाठी. पोरंबाळं आणि आई घेऊन पहिल्यांदाच निघालेल्यासाठी नाही.

आंबोली लांबची, पण माणसाला सांभाळून नेणारी. पाटणे फाट्यापर्यंत तीच वाट, पुढं हलकर्णी करत चंदगडच्या बाजूनं काजूच्या बागा आणि रताळ्याची शेतं बघत आंबोली, घाट उतरला की दाणोली, सावंतवाडी, बांदा, आणि पत्रादेवीला गोव्यात शिरलात की चौपदरी हायवे थेट म्हापशापर्यंत. साडेतीन तास. शुक्रवारी जात असाल तर उचगाव फाट्यापाशी जरा सावकाश, मळेकरणी देवीला मंगळवार-शुक्रवार गर्दी असते. घाट रुंद आहे, कठडे आहेत, गाड्यांची ये-जा असते त्यामुळं एकटं पडल्यासारखं होत नाही. आणि मुख्य म्हणजे थांबायला जागा आहेत. आमच्या आईला गाडी लागते, चोर्ल्याला ती आवळासुपारी तोंडात धरून डोळे मिटून बसते, आंबोलीला मात्र नांगरतासच्या धबधब्यापाशी पाच मिनिटं, आंबोलीत चहा, दाणोलीला साटम महाराजांच्या मठात हात जोडणं, सावंतवाडीला मोती तलावाच्या काठावर बसून पाय मोकळे करणं असे टप्पे पडतात आणि तिला वाट जाणवतच नाही. पोरांना सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी, भातुकली, लाकडाचीच फळं मिळतात. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या देवळापाशी गेलात तर तिथल्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाला तिचंच नाव दिलंय आणि २०२१ साली ती जागा जैविक वारसा म्हणून जाहीर झालीय. तीच हिरण्यकेशी पुढं गडहिंग्लज, संकेश्वर करत आपल्याकडं येते.

आंबोलीचं वाईट एकच, पावसाळ्यातले शनिवार-रविवार. धबधब्यापाशी गाड्या अशा लावतात की तास-दीड तास जागेवर. म्हणून बाजार शुक्रवारचा असतो हे आपल्या पथ्यावरच पडतं. आणि मोपाचं विमानतळ २०२३ ला सुरू झाल्यापासून धारगळच्या आसपास गाड्या वाढल्यात, तिथं पंधरा मिनिटं जास्तीची धरा.

अनमोडचं कुणीतरी विचारेलच. खानापूर, लोंढा, रामनगर करत ती वाट मोलेला उतरते, फोंडा-मडगावला जायचं असेल किंवा तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ बघायचं असेल तर ती. म्हापशासाठी उगीच वळसा.

बाकी व्यवहाराचं. टाकी बेळगावात फुल करायची गरज नाही, जाण्यापुरतं आणि थोडं वर एवढं टाका, गोव्यात पेट्रोल स्वस्त पडतं, परतीचं तिथं भरा. पण काटा लालवर घेऊन जांबोटीच्या पुढं जाऊ नका. खाण्याचं म्हणाल तर चोर्ल्यानं गेलात तर साखळीला पोचेपर्यंत धड काही मिळेल ह्या भरवशावर राहू नका, घरनं चपाती-भाजी न्या. आंबोलीनं ती काळजी नाही. नाहीतर म्हापशात बाजाराला शिरायच्या आधी गोव्याची पातळ भाजी, पाव आणि गोड बन्स, त्यावर दुपारी दोनपर्यंत निघतं. कागदपत्रं तीन राज्यांच्या हिशोबानं जवळ ठेवा, लायसन, विमा, पीयूसी, रेंज नसते तिथं मोबाईलमधले उघडत नाहीत म्हणून एक झेरॉक्स असू दे. दारूची बाटली परवाना नसताना आणू नका, कणकुंबीला तपासतात, महाराष्ट्राच्या बाजूला इन्सुलीला तपासतात, आणि गाडीत आईवडील बसलेले असताना ती वेळ फार वाईट. १ नोव्हेंबरला सीमाभागातले मराठी लोक पाळतात तो काळा दिन, आणि डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा शिनोळीच्या बाजूला कधी गाड्या अडतात, त्या दिवसांत निघायच्या आधी बातम्या बघा.

आता वेळेचं गणित. साडेपाचला चोर्ल्यानं निघालात तर साडेआठला म्हापशात, आणि बाजार तेव्हाच खरा भरतो. गावागावातनं आलेल्या बायका मयडे गावची मोठी केळी, आमसोलं, गावठी मिरची, सुकी मासळी घेऊन बसलेल्या असतात, अकराच्या पुढं चांगला माल गेलेला असतो आणि ऊन पण डोक्यावर येतं. बारापर्यंत बाजार, बोडगेश्वराला दर्शन, आत्याकडं जेवण, दोनला निघायचं. आंबोलीनं परतलात तर सव्वातीनला सावंतवाडी, साडेचारच्या आत घाट वर, आंबोलीत चहा, आणि डिसेंबरातला सहाचा अंधार पडेपर्यंत तुम्ही पाटणे फाट्याच्या पुढं सपाटीला आलेले असता. चोर्ल्यानं परतलात तर अडीचला निघूनही सहापर्यंत घर गाठता येतं, पण त्यात थांबायला वाव कमी.

भावाला मी हेच सांगितलं, जाताना चोर्ला, कारण सकाळी वेळ वाचतो आणि तेव्हा मावशी पण ताजी असते, येताना आंबोली, कारण तेव्हा तिला थांबावं लागणार. पाऊस सुरू झाल्यावर जाणार असशील तर दोन्ही वेळा आंबोली, चोर्ल्याचा विचारच नको. तिलारी जानेवारीत आपण दोघंच जाऊ, गाडी मी चालवतो. आणि गणेश चवथीच्या आधीच्या शुक्रवारी जायचं असेल तर माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या, सामानाला सगळं गाव लोटतं, गाडी बाजारापाशी नेऊच नको, आत्याच्या दारात लाव आणि चालत जा, ती पिशव्या घेऊन तयारच असते.