वैशाखातल्या माळरानासाठी दुर्बीण : पेंटॅक्स पॅपिलिओ २ (६.५×२१)

दुर्बीण घेताना ती किती लांबचे दाखवते, हेच आपण प्रथम विचारतो. परंतु धाराशिवकडच्या बालाघाटाच्या माळांवर चैत्र-वैशाखात सकाळी फिरणाऱ्याला पाहण्याजोगे जे असते, ते बहुधा दोन पावलांवरच असते. गवत वाळलेले आणि पळस फुलून गेलेला, अशा दिवसांत रुई मात्र हिरवी राहते आणि फुलतेही. नेहमीच्या ८×४२ (म्हणजे आठपट मोठे दाखवणाऱ्या, ४२ मिलीमीटर भिंगांच्या) दुर्बिणीतून इतक्या जवळचे साधारणपणे स्पष्ट दिसत नाही. पॅपिलिओ मात्र ५० सेंटीमीटरवरचेही स्वच्छ दाखवते, कारण जवळच्या वस्तूवर रोखताना तिची पुढची दोन्ही भिंगे एकमेकांकडे सरकतात आणि डोळ्यांपुढे दोन वेगळी चित्रे न येता एकच येते.

याचा लाभ रुईपाशी पुरेपूर मिळतो. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळीवरचे काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि तिच्या अंगावरच्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या पानाला हात न लावता न्याहाळता येतात. फुलावर आलेला मोठा काळा भुंगा क्षणभर स्थिरावला, तर त्याच्या पायांना चिकटलेले परागपुंजही ओळखता येतात. परागीभवन असे डोळ्यांदेखत पाहण्याचा आनंद मला फार मोठा वाटतो. बांधावरच्या दगडावर अंग वरखाली करणारा सरड्याचा नर विणीच्या या काळात डोक्या-खांद्यांवर लालभडक होतो, आणि तो बुजणार नाही इतक्या अंतरावरूनही त्याचे खवले मोजावेत इतके स्पष्ट दिसतात.

वजन सुमारे २९० ग्रॅम असल्याने मान अवघडत नाही. सरकणारी भिंगे काचेच्या तावदानाआड असल्यामुळे फुफाट्याचा त्रास त्यांना थेट होत नाही, मात्र दुर्बीण जलरोधक नाही. वळवाच्या दिवसांत प्लास्टिकची पिशवी जवळ असावी.

खरी मर्यादा उजेडाची आहे. २१ मिलीमीटरच्या भिंगामुळे डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत जेमतेम ३.२ मिलीमीटर रुंदीचा असतो. भर उन्हात तो पुरतो, परंतु उन्हाच्या भीतीने आपण झुंजूमुंजू होतानाच निघतो आणि ससा दिसण्याची वेळ नेमकी तीच असते. तेव्हा चित्र मंद दिसते. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावरचे बदक पाहणे हाच मुख्य हेतू असेल, तर ८×४२ घ्यावी. पायाजवळच्या जिवांसाठी मात्र मी हीच सुचवेन.