पावतीवर छापलं होतं, मलाखी 3:10

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी 31 वर्षं हिशेब लिहिले. रुपयाचा फरक लागला तरी रात्री आठपर्यंत बसणारा माणूस मी. तरी महिन्याला 8 टक्के व्याज म्हणजे वर्षाला 96, एवढा गुणाकार केला नाही. समोरचा डोळे मिटून प्रार्थना करत होता ना!

पावसाळ्यात तो आमच्या घरगुती प्रार्थनेला येऊ लागला. बायबल वापरून मऊ झालेलं, आवाज गोड, आजाऱ्याच्या उशाशी तासभर बसायचा. 'विश्वासणाऱ्यांचा निधी' सुताच्या व्यापारात फिरतो म्हणे. "ब्रदर, बँकेत ठेवलं तर तो जगाचा पैसा. इथं ठेवलं तर पेरलेलं बीज."

ग्रॅच्युइटीतले 2 लाख दिले. पावती गुलाबी, हातानं भरलेली. नोंदणी क्रमांकाच्या जागी बायबलमधलं वचन, मलाखी 3:10. तेव्हा ते बघून मला गहिवरून आलं होतं, काय सांगू!

दोन महिने 16-16 हजार पाकिटातून आले. तिसऱ्या महिन्यात बायकोच्या पाटल्या गहाण टाकून आणखी 1 लाख दिले. ती नको म्हणत होती. मी म्हणालो, "तुझा विश्वासच कमी."

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास त्याचा फोन बंद, खोलीला कुलूप. आम्ही चार घरं पोलिसांत निघालो तर त्याच्याच माणसाचा निरोप आला: पहिलं करिंथ 6 वाचा, भावानं भावावर फिर्याद करू नये. झालं! दीड महिना गप्प बसलो. ते पत्र लिहिणारा पौलच प्रेषितांची कृत्ये 25 मध्ये कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागतो, हे कुणालाच आठवलं नाही. मार्क 10:30 मधलं 'शंभरपट' तो घोळवून सांगायचा. त्याच वचनातला छळ गाळायचा. मलाखीतला दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तर मंदिराच्या भांडारात अन्न असावं म्हणून आहे, व्याजाचं तिथं नावही नाही. पण मला त्याच वचनातली आशीर्वादाची आकाशकपाटं उघडलेलीच बघायची होती.

शेवटी आर्थिक गुन्हे शाखेत गेलो. पहिलाच प्रश्न, "ठेवी घ्यायची परवानगी कुणाची होती?" अनियंत्रित ठेव योजना चालवणं 2019 च्या केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे, ठेवीदारांसाठी राज्याचा 1999 चा कायदाही आहे. ठेवी घ्यायची परवानगी कुणाला आहे, ते रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर बघता येतं. पैसे द्यायच्या आधी बघा. तिथं नाव नसेल तर समोरचा कितीही वचनं म्हणो, खिशात हात घालू नका. आणि फसलात तर त्याच दिवशी तक्रार द्या, आमच्यासारखे वचनांचा अर्थ लावत बसू नका.

पावती तपासात जमा आहे. झेरॉक्स मी बायबलमध्येच ठेवलीय, प्रार्थनेला कुणी नवा माणूस 'बीज' म्हणाला की काढून दाखवतो.

पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. दर महिन्याला व्याज भरायला जातो. बायको सोबत येते, बाहेरच्या बाकावर बसते.