स्टोनीब्रुक की स्वीट व्हॅली: पुन्हा वाचायला आधी काय घ्यायचं?

शाळकरी मुलींसाठीच्या दोन अमेरिकी पुस्तकमालिका. स्टोनीब्रुक गावात घडणाऱ्या 'द बेबी-सिटर्स क्लब'ची मुख्य पुस्तकं १३१. 'स्वीट व्हॅली ट्विन्स'ची ११८. सुट्टीतले विशेष भाग आणि रहस्यकथा धरल्याच नाहीत. नोकरी, घर, मुलांचे क्लास सांभाळून दोन्ही पुन्हा वाचणं कुणालाच जमणार नाही, तेव्हा निवड करावीच लागते. ही निवड करायला बसलेल्या बहुतेक जणी नव्वदच्या दशकात इंग्रजी शाळेत होत्या. लायब्ररीतून एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, म्हणून आज आणलेलं रात्रीत संपवून त्या उद्या दुसरं आणायच्या. आता त्यांतल्या पुष्कळ जणींच्या घरात नऊ-दहा वर्षांची मुलगी आहे. म्हणजे प्रश्न दुहेरी आहे: आपण काय वाचायचं आणि तिच्या हातात काय द्यायचं.

माझं मत आधीच सांगते. बेबी-सिटर्स घ्या, पण सगळी नकोत. स्वीट व्हॅलीची दोन-तीन पुरेत, आणि तीही स्वतःसाठी.

दोन्ही मालिका १९८६च्याच. स्वीट व्हॅलीला त्याआधीच बाजारपेठ मिळालेली होती. मोठ्या मुलींसाठीची 'स्वीट व्हॅली हाय' १९८३पासून धो धो खपत होती, त्यामुळे तिच्यातल्याच जेसिका आणि एलिझाबेथ या जुळ्या बहिणींना सहावीत नेऊन बसवलं की लहान वाचकही हाती लागणार, इतका सरळ हिशेब होता. कल्पना फ्रान्सिन पास्कल यांची, मुखपृष्ठावर नाव जेमी सुझान. या नावाची कुणी बाई नव्हतीच. वेगवेगळे लेखक ठरवून दिलेल्या कथानकावर पुस्तक लिहून द्यायचे. बेबी-सिटर्सची कल्पनाही संपादकाच्या टेबलावरचीच, स्कोलॅस्टिक प्रकाशनाच्या जीन फायवेल यांची. पण ती अ‍ॅन एम. मार्टिन यांच्या हाती गेली आणि पहिली ३५ पुस्तकं त्यांनी स्वतः लिहिली. पुढे तिथेही दुसऱ्यांचे हात लागले. हा आकडा लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल.

आता मैत्री. दोन्हीकडे मुलींचा एक क्लब आहे, आणि सगळा फरक त्या क्लबांतच आहे.

स्वीट व्हॅलीतला क्लब म्हणजे युनिकॉर्न. शाळेतल्या देखण्या, श्रीमंत, लोकप्रिय मुलींचा कंपू. रोज अंगावर काहीतरी जांभळं हवं, आणि कुणाला आत घ्यायचं नाही हे ठरवणं हेच मुख्य काम. जेसिका त्यात शिरते. तिची जुळी बहीण एलिझाबेथ सहावीचं वर्तमानपत्र काढायच्या मागे लागते आणि पहिल्याच पुस्तकात दोघींचे एकसारखे कपडे कायमचे सुटतात. लहानपणी हे वाचताना मला जेसिकाच आवडायची, आजही तीच आवडते. खोटं बोलते, दुसऱ्याच्या गळ्यात काम मारते, पण ती पानावर आली की गोष्ट पळते. एलिझाबेथ चांगली आहे आणि भयंकर कंटाळवाणी आहे. फक्त एक गोष्ट आता खटकते. लॉइस वॉलर नावाच्या जाड्या मुलीची टिंगल होते तेव्हा पुस्तक एलिझाबेथच्या तोंडून निषेध करतं खरं, पण लॉइसला जाडी आणि बिचारी यापलीकडे काही असू देत नाही. दहाव्या वर्षी हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

स्टोनीब्रुकचा क्लब काम करतो: पैसे घेऊन गावातली लहान मुलं सांभाळायची, म्हणजे बेबी-सिटिंग. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते सहा, क्लॉडिया किशीच्या खोलीत. तिथेच का, तर तिच्या खोलीत तिचा स्वतःचा फोन आहे. गावातल्या आयांनी त्या अर्ध्या तासात फोन करायचा, की एका फोनवर चार मुली मिळतात: क्रिस्टी, क्लॉडिया, मेरी अ‍ॅन आणि स्टेसी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळं रीतसर. स्टेसी वर्गणी गोळा करते आणि सगळ्या कुरकुर करतात. क्रिस्टी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्यावर त्याच पैशांतून तिच्या मोठ्या भावाला गाडीने सोडण्याबद्दल पैसे दिले जातात. प्रत्येक कामानंतर वहीत लिहायचं: कुठलं मूल कशाने रडलं, कोण काय खात नाही. या मुली भांडतात तेव्हाही फोन वाजतो, आणि कुणीतरी उचलावाच लागतो. चौथ्या पुस्तकात चौघींचं एकमेकींशी तुटतं. समजूत काढायला कुणी मोठं माणूस येत नाही. कामं पुढ्यात असतात, म्हणून त्यांना बोलावं लागतं. बारा-तेराव्या वर्षातल्या मैत्रीबद्दल इतकं खरं मी फार कमी ठिकाणी वाचलं आहे.

मोठेपणी वाचताना आणखी एक गंमत होते. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला क्रिस्टीची आई जेवणाच्या वेळी फोन घेऊन बसलेली आहे. घटस्फोटित, नोकरी करणारी, चार मुलांची आई. धाकट्याला सांभाळायला दुसऱ्या दिवशी कुणीच मोकळं नाही, आणि ती एकामागून एक नंबर फिरवते आहे. क्रिस्टी हे बघते आणि तिला क्लबची कल्पना सुचते. तेव्हा आपण क्रिस्टीची हुशारी वाचली होती. आता नजर त्या आईवरून हटत नाही. पाळणाघराचा ऐनवेळी 'उद्या बंद आहे' असा निरोप ज्यांना आलेला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

भावंडांच्या बाबतीत खरं तर स्वीट व्हॅलीने बाजी मारायला हवी होती. मालिकाच जुळ्या बहिणींची. चार मिनिटांनी मोठी एलिझाबेथ, चार मिनिटांनी धाकटी जेसिका, वर सतत खात असलेला भाऊ स्टीव्हन. पण होतं असं, की जेसिका लबाडी करते, एलिझाबेथ रागावते, जेसिका डोळ्यांत पाणी आणते, एलिझाबेथ माफ करते, आणि पुढच्या पुस्तकात पाटी पुन्हा कोरी. सलग चार वाचली की पाचव्याचा शेवट आधीच कळतो. एखादं एकटं वाचलं तर मजा येते, कारण बहिणीच्या जिवावर मोकळी सुटलेली जेसिका आपण सगळ्यांनीच घरात कधी ना कधी पाहिलेली असते, किंवा स्वतः असतो.

स्टोनीब्रुकमध्ये जुळ्या नायिका नाहीत, पण भावंडं घरोघरी आहेत आणि प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी. पुढे क्लबात आलेली मॅलरी आठ भावंडांत थोरली, तिला स्वतःची जागा म्हणून नाहीच. क्रिस्टीची आई वॉटसन ब्रूअरशी दुसरं लग्न करते, आणि त्या लग्नाच्या आठवड्यात पाहुण्यांची मिळून १४ मुलं या पोरींच्या गळ्यात पडतात. लग्नघर बघितलेल्या कुणालाही हे पुस्तक घरचंच वाटेल. मेरी अ‍ॅनचे विधुर वडील, नंतर क्लबात आलेल्या डॉनच्या घटस्फोटित आईशी लग्न करतात आणि जिवलग मैत्रिणी सावत्र बहिणी होतात. त्यानंतर त्यांचं पटत नाही. एका घरात राहायला लागल्यावर मैत्रीण आणि बहीण यांत काय फरक पडतो ते मार्टिनबाई घाई न करता दाखवतात.

या सगळ्यांत माझ्या मते सरस पुस्तक सातवं, क्लॉडिया आणि तिच्या मोठ्या बहिणीचं. जॅनिन अतिहुशार. शाळेत असतानाच कॉलेजचे वर्ग करते, संगणकासमोर बसते, धाकटीचं व्याकरण दुरुस्त करते. क्लॉडियाला स्पेलिंग येत नाही, गणित येत नाही, चित्रं मात्र सुरेख काढते, आणि खोलीभर चॉकलेटं नि नॅन्सी ड्रू रहस्यकथांची पुस्तकं लपवून ठेवते, कारण आईवडिलांना दोन्ही पसंत नाहीत. घरात तिला समजून घेणारी एकच, आजी मिमी. तिला पक्षाघाताचा झटका येतो. बोलता येत नाही, उजवा हात चालत नाही. क्लॉडियाला आतून वाटत राहतं की आपण आजीवर चिडलो म्हणून हे झालं. घरी आल्यावर आजीचं करायचं कुणी, यावरून दोघी बहिणींची जुंपते. आणि मग जॅनिनच्या तोंडून बाहेर पडतं की या घरात मला कुणी धरतच नाही, आजी तर पहिल्यापासून तुझीच. आपल्याकडे आजी-आजोबांचं दुखणंखुपणं काढणाऱ्या घरांत असले हिशेब सतत निघतात, पण लहान मुलांच्या पुस्तकात ते मोठ्याने बोललेले मला फारसे भेटले नाहीत. पुढे २६व्या पुस्तकात मिमी जाते. आठवणींपायी वाचत असाल तर ही दोन्ही लागोपाठ घ्या.

शाळेतल्या नाचाचं थोडक्यात. आपल्या वाट्याला गॅदरिंग यायचं. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बाई. त्यामुळे हे नाच आपण परीकथेसारखेच वाचले. स्वीट व्हॅलीत नाच असो की युनिकॉर्नमधल्या लायला फाउलरच्या बंगल्यावरची पार्टी, विचार एकच: कपडे काय आणि कोण कुणाबरोबर. स्टोनीब्रुकमध्ये १०व्या पुस्तकात बुजरी मेरी अ‍ॅन केंटकीहून आलेल्या लोगनबरोबर सप्टेंबरच्या नाचाला जाते आणि नाचता नाचता तिचा बूट पायातून उडतो. सगळे हसतात. ती बाजूला जाऊन बसते. लाजाळू मुलीला गर्दीत कसं वाटतं हे त्या एका प्रसंगात आहे, आणि लोगनने तिला ओढून परत नाचायला नेलं नाही म्हणून तो मला अजून आवडतो. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात वाढणाऱ्या मराठी मुलींना हे नाच आता परीकथा नाहीत. त्यांच्या मिडल स्कूलमध्ये ते खरेच होतात. त्यांच्यासाठी १०वं पुस्तक आधी काढून ठेवा.

जुनं काय झालं आहे? स्वीट व्हॅलीत सोनेरी केस, निळसर-हिरवे डोळे आणि गालावरची खळी दर पुस्तकात नव्याने सांगितली जाते आणि सौंदर्य म्हणजे एवढंच असा सूर असतो. मोठ्या मालिकेत तर दोघींच्या कपड्यांचं माप 'सहा' असल्याचं कौतुक होतं, आणि २००८च्या नव्या आवृत्तीत ते सुधारताना आणखी बारीक, 'चार', केलं! बेबी-सिटर्समध्येही वेणीफणी, कानातलं, बेल्ट यांची वर्णनं पानभर असतात, शिवाय दुसरं प्रकरण नेहमी सगळ्या सदस्यांच्या ओळखीत जातं. ते खुशाल ओलांडा. मुली शंभराहून जास्त पुस्तकं आठवीतच असतात आणि त्या एका वर्षात किती नाताळ येतात ते मोजण्यात अर्थ नाही. पण क्लॉडिया जपानी वंशाची असून अभ्यासात कच्ची आहे, नंतर क्लबात आलेली जेसी कृष्णवर्णीय आहे म्हणून गाव तिच्या घरच्यांशी सुरुवातीला तुटकपणे वागतं, स्टेसीला मधुमेह आहे आणि न्यूयॉर्कच्या जिवलग मैत्रिणीने त्याच काळात पाठ फिरवलेली आहे; हे सगळं १९८०च्या दशकात कुणीतरी बसून विचार करून लिहिलं आहे. ५६व्या पुस्तकात एक कुटुंब क्लॉडियाला घरात घ्यायला नाखूश का, हे मुलींना हळूहळू कळत जातं. परदेशात मुलं वाढवणाऱ्या आईवडिलांना ते बोलायला निमित्त देईल.

घ्यायचं कुठून, हाही प्रश्न आहे. जुन्या प्रती फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या जुन्या पुस्तकांत नशिबाने मिळतात, पण क्रम लागत नाही. स्वीट व्हॅलीला क्रमाची गरजही नाही, हाती लागेल ते वाचा. बेबी-सिटर्सची सुरुवातीची मात्र ओळीने वाचावीत: १ ते ४, मग ६, ७, १०, पुढे २६ आणि ३०. पस्तीसच्या पुढे फक्त एखाददुसरं, आवडलेल्या मुलीचं.

मुलीसाठी घेत असाल तर चित्रकादंबऱ्यांचा विचार जरूर करा. बेबी-सिटर्सची अशी पहिली चार चित्रपुस्तकं (मूळ क्रमातली पहिली चार नव्हेत) रेना टेल्गमायर यांनी २००६ ते २००८ या काळात चितारली, आता ती रंगीत मिळतात, आणि पुढची इतर चित्रकारांनी चालू ठेवली आहेत. क्लॉडियाच्या बहिणीचं पुस्तक त्या पहिल्या चारांत आहे, आणि चित्रांत जॅनिनचा एकटेपणा मूळ पुस्तकापेक्षा लवकर दिसतो. स्वीट व्हॅली ट्विन्सच्याही चित्रकादंबऱ्या २०२२पासून येत आहेत. दिसायला छान, पण जेसिकाचा आगाऊपणा त्यांत मला जरा मवाळ वाटला. नेटफ्लिक्सवरची २०२०ची बेबी-सिटर्स मालिका दोन सीझनमध्ये बंद केली, तरी पुस्तकाआधी एखादा भाग दाखवून बघायला हरकत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीला क्रिस्टीच्या सावत्र बहिणीची, कॅरेनची, वेगळी छोटी मालिका आहे, तिथून सुरू करा. मिमीची दोन्ही पुस्तकं मात्र द्यायच्या आधी स्वतः वाचा. घरात कुणी आजारी असेल तर ती कपाटाच्या वरच्या फळीवर राहू देत, क्रम मोडला तरी चालेल.