पोर्सिलेनच्या मिश्रणात कोणता ऑक्साइड बदलावा?

केओलिन (पांढरी चिनी माती) ५० टक्के, क्वार्ट्झ (गारेची पूड) २५ आणि पोटॅश फेल्डस्पार (भट्टीत वितळून काच होणारं खनिज) २५ हे मिश्रण आधीच नीट भाजून निघत असेल, तर एका वेळी एकच घटक बदला. दोन एकदम हलवले की दोष कुणाचा ते कळत नाही.

ताकद हवी असेल तर क्वार्ट्झच्या जागी ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड). थंड होताना ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झ एकदम आकसतो, भोवतालची काच तेवढी आकसत नाही आणि जाड कणांभोवती बारीक चिरा पडतात. ॲल्युमिनात ही भानगड नाही. विद्युत पोर्सिलेनच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६०६७२ मानकात ग्लेझ (वरचा काचेसारखा लेप) नसलेल्या मालाच्या वाकणताकदीची किमान अट क्वार्ट्झवाल्या सी-११० ला ५० मेगापास्कल आहे, तर भरपूर ॲल्युमिनाच्या सी-१३० ला १४०. पण पारभासकता (उजेड आरपार झिरपणं) जाते, माल जड होतो, भट्टी जास्त तापवावी लागते. शिवाय मुरलेल्या (भाजून घट्ट झालेल्या) मालाचं उष्णतेनं होणारं प्रसरण घटतं आणि जुन्या ग्लेझवर जाळीदार तडे येतात. म्हणजे ग्लेझही नव्यानं बसवायचं. एवढा व्याप नको असेल तर क्वार्ट्झच साधारण १० ते ३० मायक्रॉनपर्यंत दळून पाहा. त्याहून फार बारीक केला तर तो काचेत विरघळून जातो.

भाजणीचं तापमान उतरवायचं असेल तर पोटॅशऐवजी सोडा फेल्डस्पार. तो लवकर वितळतो, पण वितळलेली काच पातळ असते. रुंद ताटांच्या कडा लोंबतात. पोटॅशची काच घट्ट, त्यामुळे भट्टीत दहा-वीस अंश इकडेतिकडे झाले तरी निभावतं. लहान कपांना सोडा चालेल, मोठ्या थाळ्यांना आमची पसंती पोटॅशलाच. नेफेलिन सायनाइट (फेल्डस्पारसारखाच अल्कलीयुक्त खडक) आणखी जोरात वितळवतं, मात्र त्यातले अल्कली थोडे पाण्यात उतरतात आणि साच्यात ओतायची स्लिप (मातीचं पातळ मिश्रण) ठेवल्या ठेवल्या घट्ट होते.

मॅग्नेशियासाठी (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) टाल्क म्हणजे शंखजिरे एक-दोन टक्केच, फेल्डस्पारच्या सोबतीला. चुना त्याहून बेभरवशाचा: मुरणं आणि कोसळणं यांच्या तापमानांत अंतरच उरत नाही. बेरियमचा विचार विजेचा ऱ्हास (मालात उष्णता होऊन वाया जाणारी वीज) कमी ठेवायचा असेल तरच करा. त्याचं कार्बोनेट विषारी आहे, धूळ उडू देऊ नका.

चाचणीसाठी सारख्या मापाच्या पट्ट्या फक्त दोन टोकांवर टेकवून भाजा. मधला झोल मोजा, मग पाणीशोषण. शोषण ०.५ टक्क्याखाली असूनही घनता घटली असेल, तर आत बुडबुडे धरलेत: भाजणी जास्त झाली.