ओल्ड सारम: मतदार नसलेला मतदारसंघ

इंग्लंडमधल्या सॉल्सबरी स्टेशनला उतरलेले आपले बहुतेक लोक थेट स्टोनहेंजच्या प्राचीन शिळांकडे पळतात. मी मुलाला बजावून ठेवलं होतं, आधी ओल्ड सारम. झेडपीच्या शाळेत जन्म गेला, त्यामुळे निवडणूक ड्यूटी पाचवीला पुजलेली. साहित्य ताब्यात घ्या, मतदार यादीवर खुणा करा, बोटाला शाई लावा, रात्री पेट्या जमा करा. एवढं सगळं केल्यावर इंग्लंडच्या संसदेतला सगळ्यात बदनाम मतदारसंघ हाताशी असताना सोडते की काय!

ओल्ड सारमची टेकडी सॉल्सबरी शहराच्या उत्तरेला, जेमतेम तीन किलोमीटरवर. बस रस्त्यावर सोडते, पुढे पायी चढायचं. गुडघे कुरकुरत असतील तर सावकाश, पण जमतं. आमचे हे चढले. तटाच्या बाहेरच्या भागात फिरायला पैसे पडत नाहीत. जुन्या कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, पायाही तिथेच आहे, गवतात नकाशा आखून ठेवल्यासारखा. तिकीट आहे ते आतल्या किल्ल्याला. तिथे नॉर्मन काळातल्या पडक्या भिंती आहेत. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला त्यांचं फारसं अप्रूप वाटणार नाही.

मजा आहे ती तटावर उभं राहून खाली बघण्यात. समोर सॉल्सबरी कॅथेड्रलचा 123 मीटर उंच मनोरा दिसतो. मूळ गाव आणि कॅथेड्रल या टेकडीवरच होतं. पण वर पाण्याची टंचाई, वारा सोसवेना आणि किल्ल्यातल्या शिपायांशी पाद्र्यांची रोजची भांडणं. शेवटी 1220 मध्ये खाली नवं कॅथेड्रल बांधायला घेतलं आणि हळूहळू गावही खाली उतरलं. खालच्या नव्या गावाला संसदेत दोन जागा मिळाल्याच, पण वरच्या ओसाड टेकडीच्या दोन जागाही कुणी काढून घेतल्या नाहीत! मत माणसाला नव्हतं, जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना होतं. ज्याची जमीन त्याचे खासदार. मालक आपल्या विश्वासातल्या माणसांच्या नावे तुकडे करून द्यायचा, की झालं मतदान. खालच्या कुरणात एका झाडाखाली निवडणूक व्हायची. ते झाडही आता नाही. 1831 मध्ये मतदार होते 11, आणि त्यातला एकही इथे राहत नव्हता. आमच्याकडे यादीत एक बाहेरगावचा सापडला तर पोलिंग एजंट बूथ डोक्यावर घ्यायचे.

यात आपल्याकडचा पैसाही आहे. थॉमस पिट नावाचा माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता धाब्यावर बसवून हिंदुस्थानात चोरटा व्यापार करायचा. त्यातून गब्बर होऊन त्याने 1690 च्या सुमारास ही जमीन घेतली. पुढे कंपनीनेच त्याला मद्रासचा गव्हर्नर केलं! हिऱ्याच्या पैशातून हा मतदारसंघ घेतला असं कुणी ठोकून दिलं तर मान डोलवू नका. गोवळकोंड्याकडचा तो मोठा हिरा त्याने मद्रासला असताना घेतला, म्हणजे जमिनीच्या व्यवहारानंतर. तो हिरा आता पॅरिसला लूव्र संग्रहालयात आहे. थॉमसचा नातू विल्यम पिट 1735 मध्ये इथूनच खासदार झाला, पुढे पंतप्रधान. आणि असले मतदारसंघ हा राज्यघटनेचा कुजका भाग आहे, असं पुढे संसदेत बोलला तोही हाच. 1802 मध्ये कॅलेडनच्या उमरावाने ही जागा 60,000 पौंडांना घेतली. गवताला कोण एवढे पैसे मोजतो? किंमत होती ती दोन खासदारांची. त्या काळात मँचेस्टरसारख्या शहराला स्वतःचा एकही खासदार नव्हता. 1832 च्या निवडणूक सुधारणा कायद्याने हा खेळ बंद झाला. असे 56 मतदारसंघ एका फटक्यात गेले.

आता जायचं की नाही? इतिहास वाचून जाणार असाल तर जरूर. न वाचता गेलात तर गवत, मेंढ्या आणि वारा एवढंच पदरात पडेल, कारण मतदारसंघाचं डोळ्यांना दिसेल असं काही उरलेलंच नाही. खास तेवढ्यासाठी लंडनहून दीड तासाची रेल्वे पकडू नका. स्टोनहेंज आणि सॉल्सबरी कॅथेड्रलला जोडून करा. कॅथेड्रलमध्ये 1215 च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेची, मूळ प्रत आहे, ती चुकवू नका. किल्ल्याचं तिकीट वाचवलंत तरी माझ्या मते काही बिघडत नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा वाऱ्याने नेला. कानटोपी घ्या, उन्हाळा असला तरी.