धनुष्याच्या पाठीला अस्तर कोणतं : बांबू, कंडरा, कातडं की धागा?

लाकडी धनुष्य खेचलं की तिरंदाजाकडचं पोट दाबलं जातं आणि लक्ष्याकडची पाठ ताणली जाते. मोडतोड बहुधा पाठीवर सुरू होते. लाकडाच्या तंतूंची रेषा तिरकी बाहेर पडली असेल तिथे कपची उचलते आणि पुढच्या एखाद्या खेचीला दांडा जातो. वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत राखून पाठ उतरवली असेल, तर अस्तराची, म्हणजे पाठीवर चिकटवायच्या ताण सोसणाऱ्या थराची, गरजच नाही. प्रश्न येतो तो वखारीतल्या कापीव फळीचा.

बांबू ताणाला भलता चिवट. दाट तंतू सालीलगत असतात, म्हणून सालीला हात लावायचा नाही. रंधा फक्त आतून चालवायचा. पेरांवरचा उंचवटा हलकेच खरवडावा. कानस मारून सपाट केला, की तंतू नेमके तिथे कापले जातात. खरी गोम जाडीत आहे. पट्टी जाड राहिली तर तीच लाकडाला भारी पडते : पाठ शाबूत, पण पोटावर आडव्या बारीक चुण्या पडलेल्या. मध्यावर तीनेक मिलिमीटर आणि टोकांकडे आणखी पातळ, एवढी पुरे. कळक रुंद घेराचा निवडला तर पट्टी कमी गोल निघते. पोटाचं लाकूड दाब सोसणारं नसेल, तर बांबूच्या वाटेला जाऊ नये.

कंडरेची गोष्ट निराळी. जनावराच्या पायाची वाळवलेली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी चिवट दोरी) ठेचून तिचे तंतू मोकळे करायचे, सरसात भिजवायचे आणि विटांच्या थरात सांधे चुकवतात तशी टोकं मागेपुढे ठेवत लावायचे. सरस बोटाला सोसवेल इतकाच कोमट हवा, नाहीतर तंतू आखडतात. हे अस्तर लाकडापेक्षा कितीतरी जास्त ताणलं जातं आणि वाळताना आकसून धनुष्याला उलटा बाक देतं. शिंग, लाकूड आणि कंडरा यांची आखूड तुर्की व मुघल धनुष्यं त्याच जोरावर उभी होती. मात्र वाळायला आठवडे, कधी महिनेही लागतात आणि दमट हवेत ते मऊ पडतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. हरणाची कंडरा वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे (१९७२) बाद, म्हणजे म्हशीची शोधायची. पुरुषभर उंचीच्या धनुष्याला एवढा खटाटोप माझ्या मते फुकट आहे. लांब टोकांवर नुसतं वजन वाढतं.

न कमावलेलं कातडं जोर जवळपास काहीच वाढवत नाही, पण उचलू पाहणारी कपची दाबून धरतं. बकऱ्याचं पातळ कातडं ढोलकी-तबला मढवणाऱ्यांकडे विचारावं.

पहिल्याच फळीच्या धनुष्याला मी जवसाचा, म्हणजे लिननचा, धागा सुचवेन. कापड नको, कारण त्यातले आडवे धागे ताणाच्या कामाचे नसतात. सुटे धागे दांड्याच्या लांबीला समांतर, गोंदात भिजवून, शेजारी-शेजारी बसवावेत. स्वस्त पडतं आणि घरच्या टेबलावर होतं.

फायबरग्लासचा जाड थर एकट्या पाठीला लावू नये. लाकडी पोट त्यापुढे टिकत नाही. लावायचाच तर दोन्ही अंगांनी, आणि मग ते वेगळ्याच जातीचं धनुष्य झालं.